बॅगेआधी पाठ मोजली

फोर्टात सीएसएमटीच्या जवळ कॅमेऱ्याच्या दुकानात काउंटरवर असतो मी. लेन्स, बॉडी (म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा) यांची गिऱ्हाईकं बहुतेक वेळा आधीच सगळं ठरवून येतात, पण बॅगेचं तसं नसतं. लाखाची लेन्स घेतल्यावर शेवटच्या दहा मिनिटात "एक बॅग पण द्या" असं होतं, आणि तीच बॅग पुढची पाच-सात वर्षं त्या माणसाच्या पाठीवर असते. म्हणून त्या जुलैतल्या दुपारबद्दल सविस्तर लिहितोय, कुणाला तरी उपयोग होईल.

पाऊस धो धो होता त्यामुळे दुकान रिकामं. रत्नागिरीकडच्या एक मॅडम आल्या, साठीच्या आसपास, वनस्पतीशास्त्र शिकवून रिटायर झालेल्या, सोबत भाचा. उंची जेमतेम चार फूट अकरा. कोकणातल्या सड्यांवरची, म्हणजे कातळाच्या पठारांवरची फुलं गेली कित्येक वर्षं शूट करतायत, दीपकाडी, सीतेची आसवं, ते गेंदासारखे पांढरे इरिओकॉलॉन, सगळं. आता ऑगस्टमध्ये उत्तराखंडात फुलांच्या घाटीत जायचंय. भाच्याने मोबाईलवर एक बॅग आधीच काढून ठेवलेली, मोठी, टॅक्टिकल लूकवाली, दोन बॉडी सहा लेन्स लॅपटॉप सगळं मावणारी. "मावशी, हीच घे, सगळ्या रिव्ह्यूत एक नंबर आहे." ती बॅग आमच्याकडे होती. चांगलीच आहे ती, लग्नाच्या शूटवाल्यांना मी स्वतः देतो.

मॅडमनी पाठीला लावली, आरशात बघितलं, आणि एकच बोलल्या, "दादा, मानेचं दुखणं आहे मला, डॉक्टर म्हणालेत खांद्यावर वजन नको. मग ही चालेल का?"

या प्रश्नावर नुसतं "हो चालेल" म्हणणं मला जमेना. मी म्हटलं मॅडम, तुमचं सामान आणलंय का सोबत? आणलं होतं, जुन्या बॅगेत. सगळं काउंटरवर काढून वजनकाट्यावर ठेवायला लागलो. कॅनन ९०डी बॅटरी कार्डासकट ७०० ग्रॅम, १०० मिमी मॅक्रो (अगदी जवळून फुलं टिपायची लेन्स) सव्वासहाशे, १६-३५ एफ४ (रुंद दृश्याची) पण तेवढीच, आणि १००-४०० (लांबचं जवळ आणणारी टेली) दीड किलोच्या वर. फ्लॅश, त्याचा उजेड मऊ करणारा डिफ्यूजर, सेल, जादा बॅटऱ्या धरून सव्वाचार-साडेचार किलो. ट्रायपॉड दीड किलो. भाच्याने निवडलेली बॅग रिकामीच अडीच किलोच्या पुढे. त्यात पाणी, रेनकोट, स्वेटर, डबा टाकला की दहा-साडेदहा किलो होतात, आणि मॅडमचं स्वतःचं वजन अठ्ठेचाळीस. म्हणजे अंगाच्या वजनाचा पाचवा हिस्सा पाठीवर, तेही डोंगरात, पावसात. भाचा तो आकडा बघून गप्प झाला. त्याने खरंच प्रेमाने बॅग शोधलेली, त्याला वाईट वाटू नये म्हणून मी म्हटलं रिव्ह्यू करणारा सहा फुटी असतो रे, त्याच्या पाठीला ती बसते, त्याचं काही खोटं नाही.

मग टेप घेतली. ट्रेकिंगवाले लोक हे माप घेतात, कॅमेऱ्याच्या दुकानात कुणी घेत नाही. मान खाली घातली की मागे जो मणका टुपकन वर येतो तिथपासून खाली कमरेच्या हाडांची वरची कड जिथे येते त्या रेषेपर्यंत. मॅडमचं आलं पंधरा इंच. कॅमेऱ्याच्या बॅगा बहुतेक एकाच मापात येतात आणि त्या मध्यम उंचीच्या पुरुषाच्या हिशोबाने केलेल्या असतात, साधारण अठरा-एकोणीस इंच पाठ धरून. तीन-चार इंचाचा फरक ऐकायला काहीच नाही वाटत, पण पट्टा कुठे येतो ते बघा. कमरेचा पट्टा हाडावर बसला तर वजनाचा बराचसा भाग कमरेवरून पायात उतरतो, खांद्यावर थोडंच राहतं. मॅडमच्या अंगावर तो पट्टा हाडाच्या खाली मांडीपाशी सरकत होता, म्हणजे पट्टा असूनही नसल्यासारखा, सगळं वजन खांद्यावरून थेट मानेत. त्यांचं दुखणं वाढणारच होतं, बॅग कितीही चांगली असो.

आमच्या बिल्डिंगला जुना लाकडी जिना आहे, तीन मजल्यांचा. बॅग भरून मॅडमना जिन्यावर पाठवलं. दुसऱ्या मजल्यावरच दोन्ही अंगठे पट्ट्याखाली घालून बॅग वर उचलत होत्या. हे बघायचं असतं, अंगठे पट्ट्याखाली गेले की समजायचं वजन चुकीच्या जागी आहे. दुकानात रिकामी बॅग लावून आरशात बघण्याला काही अर्थच नाही, भरून चढा उतरा निदान पंधरा-वीस मिनिटं.

आता पर्याय काय. बाहेरच्या काही कंपन्या, शिमोडा, एफ-स्टॉप वगैरे, नीट विचार करून बनवतात. ट्रेकिंग सॅकसारखी फ्रेम वेगळी आणि आत कॅमेऱ्याचा गादीवाला डबा वेगळा, शिमोडाच्या काही बॅगांत तर पाठीची उंची कमी-जास्त करता येते आणि बायकांसाठी पट्टे वेगळे मिळतात. पण किंमत मॅडमच्या बजेटच्या कितीतरी वर, आणि ऑगस्टच्या आत मागवून देणं माझ्या हातात नव्हतं. (कॅमेऱ्याच्या बॅगा बनवणाऱ्या लोवेप्रोचं मूळ पण डोंगरातलंच आहे बरं का, ग्रेग लोव हा गिर्यारोहक, आतल्या फ्रेमची सॅक त्याने १९६७ मध्ये केली. म्हणजे डोंगराची बॅग आणि कॅमेऱ्याची बॅग एकाच घरातल्या, मधेच कुठेतरी कॅमेऱ्याच्या बॅगा पाठीपेक्षा कप्प्यांकडे जास्त बघायला लागल्या असं माझं मत.)

माझी स्वतःची सह्याद्रीतली सॅक मागे गोदामात होती, तीस लिटरची, पाठ ॲडजस्ट होणारी, पुढून पूर्ण चेनने उघडणारी, रिकामी सव्वा किलो. ती काढली, पाठ सगळ्यात खालच्या खाचेत लावली, आमच्याकडचा चारशे ग्रॅमचा कॅमेरा इन्सर्ट आत टाकला, म्हणजे गादीचे कप्पे असलेला डबाच तो, आणि मॅडमचं तेच सामान भरलं. आधी कमरेचा पट्टा हाडावर घट्ट, मग खांद्याचे पट्टे, मग खांद्यावरून वर जाणारे छोटे पट्टे थोडे ओढून, शेवटी छातीचा. हा क्रम उलटा केला की सगळं बिघडतं. जिना चढून वरच्या मजल्यावरून मॅडमनी हाक मारली, "अहो, खांद्यावर काहीच नाहीये!" खाली आल्या तेव्हा दोन्ही हात मोकळे होते.

मग सामानावर बसलो. हा भाग मला फार आवडला कारण मॅडमना त्या जागेबद्दल सगळं माहीत होतं. गोविंदघाटहून गाडीने पुलना, तिथून घांघरिया, म्हणजे मुक्कामाचं गाव, दहा किलोमीटरच्या आसपास चाल. खेचर घांघरियापर्यंत मिळतं, वरच्या हेमकुंड गुरुद्वाऱ्याला पण जातं, पण फुलांच्या घाटीत आत खेचरं नेऊ देत नाहीत आणि आत मुक्काम पण नाही, संध्याकाळच्या आत बाहेर यायचं. जोन मार्गारेट लेग नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञ बाई १९३९ मध्ये तिथे फुलं गोळा करताना घसरून पडून वारल्या, त्यांची कबर घाटीतच आहे, तिथपर्यंत मॅडमना जायचंय आणि स्वतःचा कॅमेरा स्वतः वाहून जायचंय. हे सांगताना त्यांचा आवाज बदलला होता. मला तेव्हा नीट कळलं की पाठीचं माप कशासाठी इतकं महत्त्वाचं होतं.

मी विचारलं, घाटीत १००-४०० लागेल? त्यांनी स्वतःच उत्तर दिलं, ब्ल्यू पॉपीच्या फुलाला १०० मॅक्रो, अख्ख्या उताराला १६-३५, टेली नेलीच तर पक्ष्यांसाठी, ती घांघरियाच्या खोलीवर राहील. मोठ्या ट्रायपॉडऐवजी जमिनीलगतचा छोटा, अर्ध्या किलोचा, बरीचशी फुलं तर गुडघ्याखालीच असतात. आता पाणी-डबा धरून सात किलोच्या आसपास आलो. विमानाचंही बसलं. मुंबई-डेहराडूनला केबिनमध्ये सात किलो, मोठ्या बॅगेचे अडीच किलो त्यातच गेले असते, या सॅकमध्ये टेलीसकट सगळं काच-सामान सोबत नेता येतं, ट्रायपॉड चेक-इनला. बॅटऱ्या मात्र चेक-इनमध्ये टाकायच्या नाहीत, लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या केबिनमध्येच, टोकांना टेप लावून.

पावसाबद्दल पण बोलणं झालं. रेनकव्हर बाहेरून झाकतं, पण पाठीकडची बाजू उघडीच असते, पाणी मानेवरून ओघळून पाठ आणि बॅग यांच्यामधून आत मुरतं, आणि वाऱ्यात कव्हर उडून जातं ते वेगळंच. त्यामुळे इन्सर्ट ड्राय बॅगमध्ये (पाणी न शिरणारी पिशवी) किंवा जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायचा, तोंड गुंडाळून. बॅग खाली ठेवताना फुलांवर नाही हे मॅडमनी मला सांगितलं, पट्ट्यांची बाजू वर हे मी त्यांना सांगितलं, नाहीतर चिखल पाठीला लागतो.

जाताना त्यांची जुनी बॅग आतून दाखवली, अस्तर चिकट झालेलं, पापुद्रे लेन्सला लागत होते. कापडाच्या आत जो पॉलियुरेथेनचा थर असतो तो दमट हवेत हळूहळू तुटतो, कोकणात आणि मुंबईत तर लवकरच. बॅग ओली कपाटात कोंबायची नाही, उघडी वाळवायची, आणि लेन्स बॅगेत ठेवायच्याच नाहीत, बुरशी धरते, हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेवायच्या.

आमची विक्री झाली फक्त इन्सर्टची आणि छोट्या ट्रायपॉडची. सॅकसाठी त्यांना ट्रेकिंगच्या सामानाच्या दुकानाचा पत्ता दिला, कागदावर "पाठ १५ इंच, पुढून पूर्ण उघडणारी, ३० लिटर" असं लिहून, आणि भाच्याला बजावलं की तिथे पण भरून चालून बघायची. शेठनी संध्याकाळी हिशोब बघितला, विचारलं मोठी बॅग का नाही गेली. मी सगळं सांगितलं. ते थोडा वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले टेप काउंटरवरच ठेव.

ऑगस्टच्या शेवटी मॅडमचा फोन आला. पाऊस रोज होता, सामान कोरडं राहिलं, कबरीपर्यंत जाऊन आल्या, मान दुखली नाही, गुडघे मात्र उतरताना बोलले. आता सप्टेंबरात सड्यावर दिवसभर बसून काम असतं, चालणं कमी आणि सारखं उठबस, त्याला कमरेला बांधायची छोटी बॅग बरी का खांद्यावरची, असं विचारत होत्या. मी म्हटलं कमरेचीच, मॅक्रो आणि फ्लॅश एवढंच ठेवा त्यात, पण पट्ट्याचं माप घ्यायला एकदा या.