झाकणाने मोजलेले औषध

तापीकाठच्या आमच्या गावी कपाशीवर फवारतात त्या विषाला कोणीही विष म्हणत नाही. ते ‘औषध’ असते. काका सालदाराला ‘पंपाला दोन झाकणं टाक’ एवढेच सांगतात, आणि बाटलीच्याच झाकणाने मोजलेले ते औषध बादलीत कडुलिंबाच्या काडीने ढवळले जाते. बाटलीवर लाल त्रिकोण आणि कवटी छापलेली असते, पण ती दिसायला बाटली फिरवावी लागते आणि फवारणीच्या घाईत ती कोणी फिरवत नाही.

रेचल कार्सन यांचे ‘सायलेंट स्प्रिंग’ वाचताना मी थबकलो तो याच कारणाने. या रसायनांना कीटकनाशके म्हणणे चूक आहे, ती सरसकट जीवनाशके आहेत, असे त्यांनी १९६२ मध्येच लिहून ठेवले होते. त्यांचे शिक्षण प्राणिशास्त्राचे, नोकरी अमेरिकन सरकारच्या मत्स्य आणि वन्यजीव खात्यातली आणि कीर्ती समुद्रावरच्या पुस्तकांची. डीडीटी या कीटकनाशकाच्या शोधकार्याला १९४८ मध्ये नोबेल मिळालेले असताना त्याविरुद्ध लिहिणे सोपे नव्हते. रासायनिक उद्योगाने त्यांच्यावर टीकेची झोड उठवली तेव्हा त्या कर्करोगाने आजारी होत्या, आणि ते त्यांनी जाहीर होऊ दिले नाही. १९६४ मध्ये, वयाच्या ५६ व्या वर्षी त्या गेल्या. अमेरिकेत शेतीतल्या डीडीटीवर बंदी आली ती १९७२ मध्ये आणि आपल्याकडे १९८९ मध्ये.

मात्र त्यांचा वारसा बंदीच्या तारखांपेक्षा त्यांच्या विचारण्याच्या रीतीत आहे, असे मला वाटते. फवारलेले औषध पुढे जाते कुठे, हा त्यांचा प्रश्न. मिशिगनमधल्या विद्यापीठाच्या आवारात एल्म वृक्षांच्या रोगाला आवर घालण्यासाठी, तो पसरवणाऱ्या भुंग्यांवर डीडीटी फवारले गेले. ते पानांना चिकटून राहिले, पाने गळून कुजली, कुजलेली पाने गांडुळांनी खाल्ली, आणि वसंतात परतलेल्या रॉबिन पक्ष्यांनी ती गांडुळे वेचली. फवारणीच्या वेळी जो पक्षी तिथे नव्हताच, तो काही महिन्यांनी तिथे येऊन मेला. अवघी अकरा मोठी गांडुळे त्याचा जीव घ्यायला पुरत. नांगरामागे गायबगळ्यांची रांग पाहत वाढलेल्या माणसाला ही साखळी वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

डीडीटीला विरोध करून त्यांनी हिवतापाला मोकळे रान दिले, हा आरोप अजूनही ऐकू येतो, आणि तो मला अन्यायाचा वाटतो. आईच्या लहानपणी मलेरियावाले घराच्या भिंती फवारून जात. त्याला कार्सन यांचा सरसकट विरोध नव्हता. बेसुमार फवारणीने डासच निर्ढावतील आणि हातातले साधन बोथट होईल, असे त्यांचे म्हणणे होते. निर्ढावलेल्या किडीची गोष्ट तर खान्देशात घरोघरी ठाऊक आहे. २००२ मध्ये बीटी कपाशीला, म्हणजे बोंडअळीला मारणारे विष स्वतःच्या अंगातच तयार करणाऱ्या वाणाला, परवानगी मिळाली, काही वर्षे बोंडअळीच्या फवारण्या कमी झाल्या, मग मावा, तुडतुडे, पांढरी माशी यांनी डोके वर काढले आणि शेवटी गुलाबी बोंडअळीने बीटीलाही दाद देणे सोडले. दरवर्षी नवी बाटली आणि दर बाटलीमागे आधीपेक्षा मोठा आकडा. (दुकानदाराच्या वहीत तो उधारीवर चढतो, ही आणखी एक साखळी.)

कार्सन यांनी रसायनांना पर्याय म्हणून किडीचाच स्वभाव तिच्यावर उलटवण्याचे मार्ग सुचवले होते. मादीच्या गंधाने नराला फसवणे हा त्यांपैकी एक. यंदा काकांनी एकरी दोन कामगंध सापळे लावले आहेत. सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठ पतंग सापडले तरच फवारायचे, असे त्यांना कृषी सहायकाने सांगितले आहे, आणि हे गणित त्यांना पूर्ण पटलेले नाही. तरीही रोज सकाळी चहाआधी ते बांधावर जातात, पिशवीची गाठ सोडून तपकिरी, नखाएवढे पतंग तळहातावर घेतात आणि बोटाने एकेक बाजूला सारत मोजतात. परवा चार होते, काल सहा. पंप अजून ओसरीच्या खुंटीलाच आहे.