‘बिफोर’पाशी मी अडलो तेव्हा

शाळा सुटून बरीच वर्षं झाल्यावर एका परीक्षेसाठी इंग्रजी व्याकरण पुन्हा हातात घेतलं. पद्धत शाळेतलीच. वहीत तीन रकाने: शब्द, अर्थ, शब्दाची जात. रोज वीस शब्द पाठ. पहिल्याच सराव चाचणीत ‘राउंड’ या एका शब्दाची पाच वाक्यं आली आणि मी पाचही ठिकाणी ‘विशेषण’ लिहून मोकळा झालो, कारण वहीत ‘राउंड, गोल, विशेषण’ असंच होतं. पाचातलं एक बरोबर आलं.

‘अ राउंड टेबल’मध्ये तो विशेषण आहेच. पण ‘ही लॉस्ट इन द सेकंड राउंड’मध्ये राउंड म्हणजे फेरी, नाम. ‘शिप्स राउंड द केप’मध्ये जहाजं भूशिराला वळसा घालतात, म्हणून क्रियापद. ‘शी टर्न्ड राउंड’मध्ये क्रियाविशेषण आणि ‘दे सॅट राउंड द फायर’मध्ये शब्दयोगी अव्यय. शब्दाला ना प्रत्यय लागला, ना उच्चार बदलला.

त्या दिवशी तिसरा रकाना खोडला. शब्दाऐवजी वाक्य लिहायला लागलो आणि प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारायला लागलो: हा शब्द इथे काय काम करतोय?

नाम आणि क्रियापद लवकर सुटलं. आधी ‘अ’ किंवा ‘द’ आला की बहुधा नाम, काळाप्रमाणे रूप बदलता आलं की क्रियापद. विशेषण आणि क्रियाविशेषणासाठी मला ‘हार्ड वर्क’ आणि ‘वर्क हार्ड’ ही जोडी फार उपयोगी पडली. शब्द तेच दोन, फक्त क्रम उलटा, पण दोघांचीही जात बदलली. पहिल्यात ‘वर्क’ नाम आणि ‘हार्ड’ विशेषण. दुसऱ्यात ‘वर्क’ क्रियापद आणि ‘हार्ड’ क्रियाविशेषण.

खरा घोळ झाला तो ‘बिफोर’पाशी. ‘आय हॅव मेट हिम बिफोर’, ‘वॉश युअर हँड्स बिफोर लंच’, ‘शी लेफ्ट बिफोर ही केम’. उत्तरं होती क्रियाविशेषण, शब्दयोगी आणि उभयान्वयी. पहिली दोन मला मराठीनंच समजावली. ‘तो खाली बसला’मधला ‘खाली’ सुटा आहे, ‘तो झाडाखाली बसला’मधला नामाला चिकटलेला आहे. मराठीत हा फरक लिहितानाच डोळ्यांना दिसतो. इंग्रजीत दोन्हीकडे शब्द सुटाच राहतो, म्हणून पुढे त्याच्याशी जोडलेलं नाम आहे का, ते आपणच पाहायचं. ‘बिफोर’च्या पुढे ‘लंच’ आहे, म्हणजे शब्दयोगी. काहीच नाही, म्हणजे क्रियाविशेषण.

तिसऱ्या वाक्यावर मात्र मी दोन दिवस अडलो होतो. ‘तो येण्यापूर्वी ती गेली’ असं मनात भाषांतर करायचो आणि मराठीतला ‘पूर्वी’ शब्दयोगी, म्हणून इंग्रजीतही शब्दयोगी लिहायचो. चूक भाषांतरात नव्हती, तर्कात होती. मराठी आधी ‘येणे’ हे क्रियापदाचं नामासारखं रूप करते आणि मग त्याला ‘पूर्वी’ जोडते. इंग्रजी तसं करत नाही, ‘ही केम’ हे कर्ता-क्रियापदासह अख्खं वाक्य पुढे तसंच ठेवते. दोन वाक्यांना जोडतो म्हणून तिथे ‘बिफोर’ उभयान्वयी. हे ध्यानात आल्यावर ‘आफ्टर’ आणि ‘सिन्स’ एका बैठकीत सुटले. मराठी माध्यमातून आलेल्या प्रत्येकाला हा फरक कुणीतरी मुद्दाम सांगायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

उच्चाराकडे मात्र माझं उशिरा लक्ष गेलं. ‘रेकॉर्ड’ नाम असेल तर जोर ‘रे’वर, क्रियापद असेल तर ‘कॉर्ड’वर. ‘यूस’ असं ऐकू आलं तर नाम, ‘यूझ’ आलं तर क्रियापद, स्पेलिंग एकच. असे शब्द थोडे आहेत, पण ऐकताना ते मदत करतात.

हे असं का, याचं उत्तर मिळालं तेव्हा इंग्रजीवरचा माझा राग गेला. जुन्या इंग्रजीत प्रेम या नामाला ‘लुफु’ आणि प्रेम करणे या क्रियापदाला ‘लुफियन’ म्हणत. शेवटावरूनच जात कळायची. साधारण 1100 ते 1500 च्या काळात हे शेवट झिजत गेले आणि दोन्हींचं ‘लव्ह’ झालं. ओळख शब्दाच्या शेपटीतून निघून वाक्यातल्या जागेत गेली.

सध्या वहीचं एक अख्खं पान ‘दॅट’नं भरलंय. ‘दॅट बुक’मध्ये विशेषण, ‘दॅट इज माइन’मध्ये सर्वनाम, ‘इट इज नॉट दॅट हार्ड’मध्ये क्रियाविशेषण. काल एक वाक्य समोर आलं, ‘ही सेड दॅट दॅट वॉज ट्रू’. पहिल्या ‘दॅट’खाली उभयान्वयी लिहिलं, दुसऱ्याखाली सर्वनाम, आणि पान उलटलं.