बंधाऱ्याखालची महसीर

वलगण लागल्याचा निरोप रात्री आला आणि उजाडायच्या आत मी नदीवर पोहोचले. पहिल्या पुराच्या गढूळ पाण्यावर मासे अंडी घालायला वर चढतात, आमच्या नोंदींचा ऐन हंगाम तोच. बंधाऱ्याखाली काका जाळं बाजूला टाकून उभे होते.

"ताई, आधी हे बघा."

कातळाच्या खोबणीत महसीरची मादी मरून पडली होती. टेप लावली, ७४ सेंटिमीटर. तोंडाच्या टोकाची कातडी सोलून निघाली होती, खालचा जाड ओठ फाटलेला. पोटावर बोट टेकवलं तर पिवळी गाबोळी बाहेर आली.

काका हळूच म्हणाले, "परवापासून भिंतीवर उड्या मारत होती."

मी तिथेच खडकावर चिरफाड केली. महसीरच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात. कल्ल्यांमागचं हाड सोडवून काकांच्या हातावर ठेवलं: दातांच्या तीन ओळी, पाच, तीन, दोन. तसंच दुसऱ्या बाजूला. या माशाला जठर नाही, दळण काय ते इथेच. आतड्यात शंखांचा चुरा होता आणि उंबराचं बी, किती तरी. वरच्या डोहावर कलंडलेली उंबरं मला पाठ आहेत. काठची झाडं तोडली की या माशाचं ताटच उचललं जातं, हे मी प्रत्येक बैठकीत सांगते.

पण तिला मारलं ते भुकेने नाही, या भिंतीने. महसीरला अंडी घालायला वाहतं, प्राणवायूने भरलेलं पाणी आणि गोट्यांचा तळ लागतो. अंडी तळाशी जाऊन गोट्यांच्या फटींत बसतात. बंधाऱ्यामागच्या संथ पाण्यात त्या फटी गाळाने भरतात. त्यात रोहू-कटल्याच्या मानाने हिची अंडी फार थोडी, म्हणून अशी एक मादी गेली की मला ते फार लागतं. कर्नल साइक्सने १८३९ साली दख्खनच्या या महसीरचं शास्त्रीय वर्णन केलं ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. तिथे आज ती शोधायची कुठे? महाडजवळ वाळणकोंडीत ग्रामस्थ देवाचे मासे म्हणून डोह राखतात, तिथे ती हाताजवळ येते.

मासे वर चढावेत म्हणून बंधाऱ्याला एका कडेने पायऱ्यापायऱ्यांची वाट ठेवा, असं लेखी दिलं होतं. उत्तर आलं नाही.

खवले पाकिटात भरत होते, तेवढ्यात मागे धप्प झालं. आणखी एक भिंतीवर आपटून खाली पडली. पुन्हा उसळली.

काका बोटांवर मोजू लागले. मी वेळ लिहिली, सात चाळीस.