'शॅल' कोणी करायचं?

इंग्रजी पत्रात जबाबदारी सोपवताना हमखास गळतो तो कर्ता. 'इट शुड बी एन्शुअर्ड दॅट' लिहिलं की काम कुणाचंच राहत नाही. त्यापेक्षा 'द कॉन्ट्रॅक्टर शॅल सबमिट द बिल बाय ५ जून' लिहा. माणूस, काम, तारीख, तिन्ही पक्कं. 'शॅल' म्हणजे बंधन, 'शुड' शिफारस, 'मे' मुभा. इंटरनेटच्या मानकांसाठी १९९७ साली आलेल्या आरएफसी २११९ या नियमांच्या दस्तऐवजातही हीच प्रतवारी आहे.

'रिस्पॉन्सिबल फॉर'पुढे काम येतं, 'रिस्पॉन्सिबल टू'पुढे वरिष्ठ. 'लाएबल' मात्र जपून वापरा, त्यातून भरपाईचा प्रश्न उभा राहतो. 'द ऑनस इज ऑन' साध्या कामवाटपात उगाच भारदस्त वाटतं. आणि आपलं लाडकं 'डू द नीडफुल'? नेमकं काय करायचं, तेवढंच त्यात नसतं.