तुम्ही विचारलंत म्हणून: पोरांना हेडिंग का शिकवत नाही?

कोल्हापुरात लहान पोरांना फुटबॉल शिकवतो. दर मोसमात कुणीतरी पालक विचारतातच, ‘सर, हेड का मारू देत नाही, डोक्यानं बॉल का खेळू देत नाही? पोरं भित्री होतील की.’

मी पेठेच्या संघात स्टॉपर, म्हणजे गोलपुढचा मधला बचावपटू होतो. उंच आलेला बॉल डोक्यानं परत धाडला की शाहू स्टेडियमची गॅलरी उठायची. भित्रेपणाचं मला सांगू नका.

एका सरावसामन्यात समोरच्या गोलकीपरची लांब किक आमच्या अकरा वर्षांच्या पोरानं थेट टाळूवर घेतली. पडला नाही. पण पुढचा बॉल मिळताच आमच्याच गोलकडं पळत सुटला. ‘स्कोर किती झालाय?’ विचारलं, तर नुसता बघत राहिला. कडेनं ओरडा झाला, ‘काय होत न्हाई, पाणी मार तोंडावर!’ मी त्याला बाहेर बसवलं. वडील भडकले, चारचौघांत पोराची लाज काढली म्हणाले. थोड्या वेळानं पोरगं भडाभडा ओकलं, तेव्हा कुठं डॉक्टरांकडं धावाधाव. पोरगा बरा झाला. पण उलटी होईस्तोवर कुणालाच काही वाटलं नव्हतं, रक्त आलं नव्हतं ना!

तो एकच मोठा फटका होता, मान्य. मला जास्त भीती रोजच्या बारक्या फटक्यांची आहे. ग्लासगोच्या २०१९च्या अभ्यासात, स्कॉटलंडच्या माजी व्यावसायिक खेळाडूंमध्ये मेंदू झिजवणाऱ्या आजारांनी होणारे मृत्यू इतरांच्या साधारण साडेतीन पट निघाले. पुढं मैदानावरच्या जागेनुसार पाहिलं, तर धोका सर्वांत जास्त बचावपटूंना, आणि क्वचितच हेड मारणारे गोलकीपर जवळपास सामान्य माणसांसारखे. हे वाचल्यापासून एखादं नाव आठवलं नाही की मी दचकतो.

पंचविशीतला मी यावर भांडलाच असता: ते पोटासाठी खेळणारे, बॉल जुने, पाणी पिऊन जड होणारे, आपण मोसमापुरते. हौशी खेळाडूला नेमका किती धोका, हे त्या आकड्यांतून कळत नाही, खरंच. पण आजचा कोरडा बॉलही ४१० ते ४५० ग्रॅमचा आहे. अमेरिकेनं २०१५मध्ये दहा वर्षांपर्यंतच्यांचं हेडिंग थांबवलं, इंग्लंडनं २०२०मध्ये प्राथमिकच्या पोरांच्या सरावातून काढलं. ती पोरं काय भित्री झाली?

कॉर्नर किकच्या उंच बॉलवर आम्ही गोल खातो, हे दिसतंय मला. तेराव्या वर्षी हलक्या बॉलवर, मान घट्ट धरून, कपाळानं मारायला शिकवतो. तोवर दुसरीकडची पोरं तयार झालेली असतात. ‘निवडीत माझा मागं पडला तर?’ एका आईनं विचारलं.

पडेलही, म्हणालो. तरी आत्ता शिकवणार नाही.