बदकाच्या आवाजावर उभं राहिलेलं दुकान

गोव्यातल्या डिचोली बाजारातलं आमचं दुकान वडिलांनी काढलं ते रेडिओ दुरुस्तीसाठी. चवथीच्या आधीचे पंधरा दिवस तिथं पाय ठेवायला जागा नसायची, कारण गणपती घरी यायच्या आत प्रत्येकाला आपला टेप चालू करून हवा असायचा. एरवी वर्षभर सामसूम. खाणीवर वॉकीटॉकी वापरात आल्या आणि हळूहळू तेही सेट आमच्या टेबलावर यायला लागले. अँटेना तुटलेली, बॅटरी फुगलेली आणि बोलताना दाबायच्या पीटीटीच्या बटणात खनिजाची लाल धूळ घट्ट बसलेली. ब्रशनं झाडलं की वडिलांचा पांढरा बनियन लाल व्हायचा आणि आई त्यांना घरात घ्यायची नाही.

तिसऱ्याला बोलणं कळू नये म्हणून आवाज बिघडवणाऱ्या स्क्रॅम्बलरकडे आम्ही वळलो ते एका वाहतूक ठेकेदारामुळे. सारमानसच्या धक्क्यावर बार्ज कधी लागणार, ट्रक किती उभे आहेत, कुठल्या खाणीवरून माल निघाला, हे सगळं त्याची माणसं सेटवर बोलायची. दुसऱ्या एका ठेकेदारानं तीच फ्रीक्वेन्सी पकडणारा सेट मिळवला आणि बसल्या जागी सगळं ऐकायला लागला. आमचा ठेकेदार दुकानात आला, खुर्चीवर बसला आणि वडिलांना म्हणाला, "बाब, हांवें ट्रक धाडचे पयलीं ताचे ट्रक पावतात. कितें तरी कर."

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी नुकताच डिप्लोमा करून आलो होतो आणि मला सगळं येतं असं मला वाटत होतं.

स्क्रॅम्बलर म्हणजे आवाज उलटा करणारा बोर्ड; तो करतो काय, ते आधी सांगतो, कारण गिऱ्हाइकाला हे समजावण्यातच आमचं निम्मं आयुष्य गेलं. सेटवरचं बोलणं साधारण ३०० ते ३००० हर्ट्झमध्ये बसतं. बोर्डात ३३०० हर्ट्झचा एक सूर तयार होतो आणि बोलण्यातला प्रत्येक सूर त्यातून वजा होतो. म्हणजे ५०० चा होतो २८००, १००० चा होतो २३००, ३००० चा होतो ३००. तळाचं वर, वरचं तळाला. पेटी उलटी फिरवून वाजवली तरी सुरांची आपसातली नाती बऱ्यापैकी टिकतील, पण इथं वजाबाकी असल्यामुळे ती नातीच मोडतात. म्हणून बोर्ड नसलेल्या सेटवर माणसाचं बोलणं बदकाला सर्दी झाल्यासारखं ऐकू येतं. पलीकडच्या सेटमध्ये तसाच बोर्ड असला की तीच वजाबाकी पुन्हा होऊन माणूस परत माणसासारखा बोलतो.

कागदावर हे एका ओळीत मावतं. सेटमध्ये मावत नाही.

ठेकेदाराचे बारा सेट मी दोन रात्री जागून केले. बोर्डाला जाणाऱ्या तारा मोजक्या: माइकचा आवाज आत, उलटा होऊन बाहेर, आलेला आवाज आत, सुलटा होऊन बाहेर, वीज, ग्राउंड आणि पीटीटी. सकाळी दोन सेट टेबलावर ठेवून बोललो. एक सेट बोलतोय आणि दुसरा मुका. सिग्नलचा दिवा लागतो, स्पीकर उघडत नाही. बारापैकी एकही नाही. ठेकेदाराचा माणूस दहा वाजता येणार होता.

वडील चहा पीत होते. सेटकडे न पाहताच म्हणाले, "टोन खंय वता तें पळय." टोन कुठं जातो ते बघ, बास. मी बोर्ड जोडला होता तो अगदी शेवटी, आवाज रेडिओलहरीवर चढतो त्या मॉड्युलेशनच्या तोंडाशी. तिथं बोलण्यात सेटचा टोन मिसळून झालेला असतो. हा टोन ६७ ते २५४.१ हर्ट्झमधला, बोलण्याच्या पट्ट्याच्या खालचा, आणि पलीकडचा सेट तो ओळखूनच स्पीकर उघडतो. बोर्डाचा फिल्टर ३०० च्या खालचं सगळं कापून टाकत होता. टोन पोचतच नव्हता, मग दार उघडणार कोण? बोर्ड टोन मिसळण्याच्या आधी बसायला हवा. बारा सेट पुन्हा उघडले. ठेकेदाराच्या माणसाला आईनं दोनदा चहा आणि एकदा पोहे दिले.

तेव्हापासून आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाला मी पहिला आठवडा सोल्डरिंग आयर्नला हात लावू देत नाही. सर्व्हिस मॅन्युअलमधला सर्किट डायग्राम पसरायचा आणि आवाजाची वाट बोटानं दाखवायची. माइक, अँप्लिफायर, वरचे सूर वाढवणारं प्री-एम्फसिस, जास्तीचा आवाज छाटणारा लिमिटर, टोन कुठं येऊन मिळतो. मग ऐकण्याची वाट. पाठवताना बोर्ड प्री-एम्फसिसच्या आधी जोडला असेल तर ऐकताना तो डी-एम्फसिसच्या, म्हणजे ते वाढवलेले सूर परत खाली आणणाऱ्या भागाच्या, नंतर जोडायचा, पण व्हॉल्यूमच्या आधी. व्हॉल्यूमनंतर जोडलं तर बटण कमी केलं की बोर्डाला आवाज पुरत नाही आणि जास्त केलं की तो गुदमरतो. एका सेटमध्ये प्री-एम्फसिसच्या आधी आणि दुसऱ्यात नंतर असं झालं तर शब्द कळतात, पण माणूस एक तर मडक्यातून बोलतो किंवा पत्र्यावरून.

सेटच्या सर्किटवरचा तांब्याचा ट्रॅक ब्लेडनं कापायचा नाही, हा आमचा दुसरा नियम. त्या वाटेवर कुठं तरी कपलिंग कॅपेसिटर असतो किंवा शून्य ओहमचा जंपर. त्याचं एक टोक उचलायचं आणि दोन्ही बाजूंना तारा जोडायच्या. उद्या बोर्ड काढायचा म्हटला तर टोक खाली बसवलं की सेट होता तसा. कापलेला ट्रॅक गोव्याच्या हवेत वर्षभरात हिरवा पडतो आणि मग तो सांधताना शेजारचेही दोन उखडतात. समुद्रालगतच्या हॉटेलांचे सेट उघडले की हे रोजचं दृश्य. जोडकाम झालं की आम्ही त्यावर कोटिंग मारतो, आणि जूनच्या आधी झाकणाचं रबर तपासतो.

आवाजाची लेव्हल जुळवायचं काम सर्वांत कंटाळवाणं आणि सर्वांत महत्त्वाचं. माणूस सेट तोंडाला लावून ओरडतो. खाणीवर तर ओरडतोच, कारण मागं डंपर चालू असतो. उलटा झालेला आवाज लिमिटरला आपटून छाटला गेला की त्यात नसलेले सूर जन्मतात, आणि सुलटा करताना तेही सुलटे होऊन खरखर बनतात. साध्या सेटवर जी छाटणी कानाला कळत नाही ती इथं सगळं बोलणं खाऊन टाकते. म्हणून सर्व्हिस मॉनिटर या मोजणीयंत्रावर डेव्हिएशन, म्हणजे आवाजानं फ्रीक्वेन्सी किती हलते ते, बघत, मुलाला ओरडायला लावून, आम्ही बोर्डावरचा लेव्हलचा प्रीसेट फिरवतो. शेजारच्या सोनारानं एकदा येऊन विचारलं होतं की भांडण कसलं चाललंय.

प्रोग्रामिंगचं काय सांगू! सुरुवातीच्या मोटोरोला जीपी ३०० सारख्या सेटचं सॉफ्टवेअर डॉसवर चालायचं आणि त्याला हळू संगणकच लागायचा. नवा वेगवान संगणक जोडला की सेटशी बोलणं जुळायचंच नाही. जग नवे संगणक घेत होतं तेव्हा मी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जुना लॅपटॉप शोधत होतो. तो अजून आहे, बॅटरी मेलेली, दोन बटणं गेलेली. विकणार नाही.

पुढं जीपी ३३८ सारख्या सेटमध्ये वरून बसवायच्या ऑप्शन बोर्डासाठी आत जागाच ठेवलेली असायची, आणि बऱ्याच कंपन्यांच्या सेटमध्ये साधा स्क्रॅम्बलर आतच येऊ लागला. सॉफ्टवेअरमध्ये त्या त्या चॅनेलपुढं खूण केली की झालं. तारा गेल्या, पण चॅनेलवार विचार करायचं काम उरलंच. एका खाणीवर आम्ही सगळ्याच चॅनेलांवर स्क्रॅम्बलर लावून दिला होता. एके दिवशी डंपर घसरला आणि मदतीला शेजारच्या खाणीची माणसं आपले साधे सेट घेऊन धावली. हे बोलतात ते त्यांना बदक, ते बोलतात ते यांना बदक. साध्या वजाबाकीच्या बोर्डात साधं बोलणंही उलटंच ऐकू येतं, हे मला माहीत होतं, पण अपघाताच्या वेळी काय होईल याचा विचार मी केला नव्हता. कुणाला मोठी इजा झाली नाही, हे आमचं नशीब. तेव्हापासून पहिला चॅनेल कायम उघडा, गिऱ्हाइकानं कितीही सांगितलं तरी.

आता ज्याच्यासाठी लोक आमच्याकडे यायचे, त्या गुप्ततेबद्दल. हा स्क्रॅम्बलर म्हणजे दाराला लावलेला पडदा. येणारा-जाणारा डोकावत नाही, पण डोकवायचंच असेल त्याला अडवत नाही. ३३०० हर्ट्झचा बोर्ड दुसऱ्यालाही मिळतो. रोज ऐकून ऐकून काहींना उलटं बोलणं थोडंफार कळायलाही लागतं. ठराविक वेळानं वजाबाकीचा आकडा बदलत राहणारे रोलिंग कोडचे बोर्ड जास्त चांगले, पण महाग, आणि कोड सगळ्या सेटमध्ये एकच लागतो. हे सगळं मी विकायच्या आधी सांगतो म्हणून काही गिऱ्हाइकं गेली. पहिला ठेकेदार मात्र म्हणाला होता, "म्हाका पडदोच जाय." मला पडदाच हवा. त्याला हवा होता तो अर्धा तास. तेवढ्यात त्याचा ट्रक धक्क्यावर लागायचा.

परवान्याच्या बाबतीत आम्ही कडक आहोत आणि त्याचा तोटाही सोसलाय. वायरलेससाठी आधी १९३३ चा कायदा, त्याच्याही आधीचा १८८५ चा टेलिग्राफ कायदा, आता त्यांच्या जागी आणलेला २०२३ चा दूरसंचार कायदा, दिल्लीहून डब्ल्यूपीसी या दूरसंचार खात्याच्या वायरलेस शाखेची परवानगी: फ्रीक्वेन्सी कुठली, सेट किती, सगळं कागदावर. परवान्यात नाही ते आम्ही बसवत नाही. बार्जवरच्या मरीन सेटला तर हात लावत नाही. चॅनेल १६, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ, संकटात हाक मारायचा चॅनेल, तिथं बदक बोलून कसं चालेल? आणि हॅम मित्र, म्हणजे हौशी रेडिओवाले, गंमत म्हणून स्क्रॅम्बलर मागतात, त्यांना सरळ नाही म्हणतो. हौशी रेडिओत अर्थ लपवून बोलायला नियमच मनाई करतो.

सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारनं खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला, आणि आमच्या टेबलावरची लाल धूळ एकदम संपली. भाड्यानं दिलेले सेट पोत्यात भरून परत आले. काहींचे पैसे अजून यायचे आहेत. २०१४ मध्ये बंदी उठली तेव्हा पोती उघडली, बॅटऱ्या बदलल्या. फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयानं ८८ लीज रद्द केल्या आणि १६ मार्चपासून काम पुन्हा बंद. या खेपेला मी पोती माळ्यावर टाकली आणि किनाऱ्याकडे वळलो. हॉटेलांची सुरक्षा, लग्नं, मोठे सोहळे. डिचोलीचा माणूस कळंगुटला सेट घेऊन फिरतो हे वडिलांना शेवटपर्यंत पटलं नाही.

आता बहुतेक काम डिजिटल. भाचा ते बघतो. आवाज उलटा करायची गरज नाही, सेटमध्येच 'की', म्हणजे गुप्त किल्ली, टाकायची. मोटोरोलाच्या मोटोट्रबो या डिजिटल सेटांच्या बेसिक प्रायव्हसीत ती १ ते २५५ मधला एक आकडा, त्यावरच्या पातळीत ४० बिटची. भाच्याला बदकाचा आवाज ठाऊकच नव्हता. माळ्यावरचा जुना सेट काढून ऐकवला तर पोटभर हसला. एखादा सेट हरवला की सगळ्यांची की बदलायची, हे मात्र मी त्याला पाठ करायला लावलंय, कारण हरवलेला सेट आपल्या सगळ्या गोष्टी बरोबर घेऊन जातो.

गेल्या महिन्यात किनाऱ्यावरच्या एका हॉटेलचा सेट हरवला. भाच्यानं उरलेल्या चाळीस सेटची की एका दिवसात बदलली आणि नवा आकडा फक्त त्यांच्या सुरक्षा प्रमुखाला सांगितला. आठवड्यानं त्यातला एक सेट दुरुस्तीला आला, स्पीकरमध्ये वाळू गेलेली. उलटा केला तर पाठीवर औषधाची पांढरी चिकटपट्टी, आणि तिच्यावर निळ्या बॉलपेननं ठळक लिहिलेला आकडा. भाच्यानं माझ्याकडे पाहिलं. मी नखानं पट्टी सोलून काढली, वाळू झाडली आणि बिल फक्त स्पीकरचं केलं.