२४२ने सुरू होणारा नंबर : माझी जीटीओ विकतानाचा अनुभव

गुडघ्याच्या डॉक्टरांनी स्क्रीनवरचा एक्स-रे दाखवत विचारलं, "तुमच्या गाडीला क्लच आहे का?" रोजच्या गाडीला नव्हता. गॅरेजमध्ये झाकून ठेवलेल्या गाडीला होता. जनरल मोटर्सच्या पॉन्टिॲक ब्रँडची १९६८ची जीटीओ, हाताने टाकायचे चार गिअर, आणि क्लच असा जड की डेट्रॉइटच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर ओळीने सिग्नल लागले की डावा पाय थरथरायला लागायचा. २०२४च्या मार्चमध्ये गुडघा बदलायचं ठरलं आणि त्याच आठवड्यात मी बायकोला म्हणालो, "गाडी काढू या."

ती म्हणाली, "काढा. पण अहो, घाईने नका काढू. ज्याला कळते त्यालाच द्या."

पुढचे आठ महिने या वाक्यापायी गेले, आणि ती बरोबर होती.

मी मूळचा कोल्हापूरचा. शिवाजी उद्यमनगरात अण्णांची छोटी फाउंड्री होती, ऑइल इंजिनाचे भाग तिथे ओतले जायचे. शाळेतून आलो की पेटीतून काढलेल्या कास्टिंगवरची वाळू झाडायचं काम माझ्याकडे असे. लोखंडावर उठलेली अक्षरं आणि आकडे वाचायची सवय तेव्हाची. पुढे मोटार उद्योगातली नोकरी मला मिशिगनला, डेट्रॉइटच्या उत्तरेला घेऊन आली. २००६ साली लपीरजवळ एका शेतकऱ्याच्या कोठारात ही गाडी पाहिली. चारही टायर बसलेले, डिकीच्या तळाला भोक, मागच्या चाकांवर चासी गंजलेली. बॉनेट उघडून डिस्ट्रिब्युटरजवळचा भाग बोटाने पुसला तर ओतकामाची तारीख दिसली: बी १३८. बी म्हणजे फेब्रुवारी, १३ तारीख, ६८ साल. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यावरच्या (फायरवॉल) पट्टीवर बॉडी बांधल्याचा काळ ०३सी, म्हणजे मार्चचा तिसरा आठवडा. इंजिनाचा ब्लॉक ओतल्यापासून गाडीत बसेपर्यंत महिनाभर. हिशेब जुळत होता. नऊ हजार डॉलर मोजले आणि ट्रेलरवर घालून आणली.

ती उभी करायला आठ वर्षं लागली. चासी वेल्डिंग करून मग बॉडी परत बसवली, इंजिनाला ३० थाऊचा (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) बोअर मारला, वायरिंग सगळं नवं केलं. एप्रिल २००९मध्ये जनरल मोटर्सने पॉन्टिॲक हे नावच बंद करणार असल्याचं जाहीर केलं, तेव्हा ब्लॉक स्टँडवर उघडा होता. त्या रात्री मी काहीच काम केलं नाही, नुसता तो पुसत बसलो. माझी मेहनत सोडून ५८ हजार डॉलर खर्च झाले. विकताना ते परत मिळणार नाहीत हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

जीटीओ विकायला काढली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: खरी आहे का? त्याचं मूळ या गाडीच्या जन्मातच आहे. मधल्या आकाराच्या गाड्यांत ३३० घन इंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही, असा जनरल मोटर्सचा तेव्हा नियम होता. पॉन्टिॲकचे मुख्य अभियंता जॉन डीलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४च्या लेमान्स मॉडेलसाठी ३८९चं इंजिन 'ऑप्शन पॅकेज' म्हणून द्यायची वाट काढली, आणि त्या पॅकेजचं नाव जीटीओ. त्यामुळे १९६४ आणि १९६५च्या गाड्यांचा कारखान्याने दिलेला नंबर (नंबरपाटीवरचा नव्हे) लेमान्सचाच असतो, नुसत्या नंबरावरून जीटीओ ओळखता येत नाही. १९६६पासून जीटीओ स्वतंत्र मालिका झाली आणि तिचा नंबर २४२ने सुरू व्हायला लागला. लेमान्सचा २३७ने. बॉडी बरीचशी तीच असल्यामुळे लेमान्सला बाहेरून जीटीओ करून विकणारे खूप, पण हे पहिले तीन आकडे कायद्याने बदलता येत नाहीत. १९६८मध्ये आणखी एक सोय झाली. गाडीच्या नंबराचा शेवटचा भाग इंजिनच्या ब्लॉकवरही ठोकला जाऊ लागला. माझ्या गाडीचा डॅशबोर्डवरचा नंबर २४२ने सुरू होतो आणि ब्लॉकवर त्याच गाडीचे आकडे आहेत, शेजारी 'डब्ल्यूटी' हा कोड. म्हणजे ४०० घन इंच, ३५० हॉर्सपॉवर, मॅन्युअल गिअरबॉक्स.

पॉन्टिॲक हिस्टॉरिक सर्व्हिसेस ही संस्था गाडीच्या नंबरावरून कारखान्याच्या मूळ बिलाची प्रत देते. ती मी जुनी गाडी घेतली तेव्हाच मागवली होती. रंग व्हर्डोरो ग्रीन, बॉनेटवरचा टॅकोमीटर, चार गिअर, सगळं त्यात. या कागदांची एक फाइल केली. मग दुसरी फाइल केली, आणि माझ्या मते गाडी विकली गेली ती या दुसरीमुळे. तिच्यात काय काय मूळचं नाही ते लिहिलं.

गिअरबॉक्स जनरल मोटर्सच्या मन्सीच्या कारखान्यातला आहे, त्याच काळातला आहे, पण त्याच्या केसवर ठोकलेला नंबर दुसऱ्याच गाडीचा आहे. डावीकडचा मागचा पत्रा नवा, त्याच्या सांध्यावर पुट्टी. कारखान्यात या गाड्यांना ॲक्रिलिक लॅकर मारत. माझा रंग बेसकोट आणि वर क्लिअरकोट. मूळ इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोल किती पट दाबलं जातं ते, १०.७५, आजच्या पंपावरच्या पेट्रोलला ते ठोके देतं, म्हणून मी खोलगट डोक्याचे पिस्टन घालून ते साडेनऊच्या आसपास आणलं. पुढे ड्रम ब्रेक होते तिथे डिस्क लावल्या. ड्रम खोक्यात घालून जपलेत, ते गाडीबरोबर जातील. प्रत्येक गोष्टीचा फोटो, प्रत्येक कामाची पावती.

मित्र म्हणाले, एवढं कशाला लिहायचं, विचारलं तर सांगावं. मला ते पटलं नाही. अण्णा कास्टिंगमध्ये भोक निघालं तर मेण आणि काजळी भरून लपवू देत नसत, तुकडा परत भट्टीत जायचा. भोक लपवलेला तुकडा गिऱ्हाइकाकडे मशीनवर उघडा पडतोच, आणि मग आधीच्या शंभर चांगल्या तुकड्यांवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

मे महिन्यात गाडी एका शोरूमकडे विकायला ठेवली. ते दहा टक्के घेणार होते. दोन्ही फाइली त्यांना दिल्या, समोर बसून वाचून दाखवल्या. तीन आठवड्यांनी त्यांची जाहिरात पाहिली तर ठळक अक्षरात लिहिलेलं: इंजिन, गिअरबॉक्स, सगळं मूळ नंबरांचं. मी फोन केला. "सगळे असंच लिहितात," उत्तर आलं. दुरुस्त करायला सांगितलं, पंधरा दिवसांत झालं नाही. भेटायला गेलो तर बॅटरी बसलेली आणि ड्रायव्हरच्या दारावर बारीक ओरखडा. ओरखड्याचं दुःख झालं, पण राग आला तो जाहिरातीचा. त्या ओळीवर विश्वास ठेवून कोणी पैसे मोजले असते तर खोटं त्यांचं, पण नाव माझ्या गाडीचं गेलं असतं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात गाडी घरी आणली आणि ओरखडा दुसऱ्या फाइलीत लिहून टाकला.

मग स्वतः जाहिरात दिली. किंमत ४९,५०० डॉलर, फोटो ऐंशीच्या वर, त्यातले निम्मे गाडीखाली झोपून काढलेले. चौथ्या दिवशी एकाने गाडी न बघता, भाव न करता पूर्ण किंमत कबूल केली. बँकेचा चेक पाठवतो म्हणाला, आणि चेक आला ५४ हजारांचा. वरचे साडेचार हजार मी त्याच्या ट्रान्सपोर्टवाल्याला पाठवायचे होते. ही जुनी युक्ती आहे, पण हातात चेक असला की माणूस क्षणभर भुलतो हे मी अनुभवाने सांगतो. असा चेक भरला की बँक एकदोन दिवसांत पैसे खात्यात दाखवते. तो खोटा असल्याचं कळायला आठवडे जाऊ शकतात, आणि तोवर आपण पाठवलेले खरे पैसे गेलेले असतात. चेक घेऊन थेट माझ्या बँकेत गेलो. तिथल्या बाईंनी ज्या बँकेचं नाव चेकवर होतं तिथे, स्वतः नंबर शोधून फोन लावला. असा चेक काढलेलाच नव्हता.

१७ ऑगस्टला वुडवर्डवर ड्रीम क्रूझ होती. दर ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी फर्नडेलपासून पॉन्टिॲक शहरापर्यंत जुन्या गाड्यांची रांग लागते. माझी गाडी त्याच शहरातल्या कारखान्यात बनलेली, तेव्हा दर वर्षी मी तिला घराकडे नेतोय असंच मला वाटायचं. या वेळी काचेला 'विकणे आहे'ची पाटी होती. बघणारे शेकडो, विचारणारे तीस-चाळीस, घेणारा कोणी नाही. पण रॉयल ओकजवळ खुर्ची टाकून बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी दुसरी फाइल पूर्ण वाचली आणि म्हणाले, "ओहायोत माझा एक मित्र आहे. तुम्ही हे असं लिहून ठेवलंय म्हणून त्याला सांगतो."

मधे दुसऱ्या राज्यातल्या एकाने तपासनीस पाठवला. त्याने रंगाची जाडी मोजायचं यंत्र सगळ्या गाडीवर फिरवलं, डाव्या मागच्या पत्र्यावर आकडा एकदम चढला. मी आधीच लिहिलेलं त्याला दाखवलं. तो मान हलवून पुढे गेला. त्या गिऱ्हाइकाला मूळचाच गिअरबॉक्स हवा होता, म्हणून तो थांबला. त्यात कोणाचंच चुकलं नाही.

ऑक्टोबरमध्ये ओहायोचे ते गृहस्थ आले. निवृत्त टूलमेकर, सत्तरीच्या जवळ, बरोबर टॉर्च, काडीवरचा आरसा आणि स्वतःची सतरंजी. पहिले दोन तास ते गाडीखालीच होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "गिअरबॉक्सचा नंबर तुम्ही लिहिलाय तोच आहे." मग इंजिन थंड असताना सुरू करायला सांगितलं. हे फार थोडे लोक करतात. आधीच गरम करून ठेवलेलं इंजिन पुष्कळ काही लपवतं, म्हणून मी सकाळपासून हातही लावला नव्हता. पुढचे वीस मैल आधी मी चालवली, मग किल्ली त्यांना दिली. दुसऱ्यातून तिसऱ्यात टाकताना त्यांनी घाई केली नाही, तेव्हाच मला बायकोचं वाक्य आठवलं.

आणि मग त्यांनी मला एका चुकीवर पकडलं. आरसा टायरच्या आतल्या बाजूला धरून ते म्हणाले, "हे वाचा." टायरवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे १२१३: २०१३ सालचा बारावा आठवडा. टायर अकरा वर्षांचे झाले होते. नक्षी जवळजवळ नवी, म्हणून मी त्यांच्याकडे पाहिलंच नव्हतं. ओतकामाच्या तारखा तोंडपाठ असलेल्या माणसाने टायरची तारीख वाचली नाही, आणि मी त्याच टायरांवर ऑगस्टमध्ये बायकोला शेजारी बसवून गेलो होतो. मला खरंच वाईट वाटलं. टायरचे बाराशे डॉलर मी लगेच कमी केले. ते ४७ म्हणाले, मी ४८,३००. साडेसत्तेचाळीस हजारांवर हात मिळवला.

व्यवहार वायर ट्रान्सफरने केला. माझ्या बँकेने पैसे जमा झाल्याचं सांगितल्यावरच टायटलवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, सही केली. एवढ्या जुन्या गाडीला ओडोमीटर, म्हणजे गाडी किती मैल चालली तो आकडा, जाहीर करायच्या केंद्रीय नियमातून सूट आहे. तरी पाच आकड्यांचं मीटर किती वेळा फिरून शून्यावर आलं ते मला सांगता येत नाही, असं मी विक्रीपत्रात लिहिलं. बाहेरच्या राज्याची गाडी ओहायोत नोंदवण्याआधी तिथे तिचा नंबर प्रत्यक्ष तपासून घ्यावा लागतो, ते त्यांनी नंतर केलं. मिशिगनची नंबरपाटी काढून ठेवली, आणि विमा गाडी त्यांच्या दारात उतरेपर्यंत चालू ठेवला. कराचा विचार फार करावा लागला नाही: नफा झाला असता तर कर, हौसेच्या गाडीतला तोटा मात्र वजा करता येत नाही, आणि मला तोटाच होता.

बंद ट्रेलर आला तेव्हा ट्रान्सपोर्टचा माणूस गाडीभोवती फिरून कागदावर नोंदी करत होता. दारावरचा ओरखडा त्याला दिसला नाही. मी बोट ठेवून दाखवला, त्याने लिहिला. बायकोने बॉनेटवर हळदीकुंकू वाहिलं, तो माणूस टोपी काढून बाजूला उभा राहिला.

नोव्हेंबरच्या मध्यात, पहिल्या कडक थंडीच्या सकाळी त्यांचा फोन आला. गाडी चालू होईना. मी विचारलं, "पॅडल किती वेळा मारलंत?" चार-पाच वेळा म्हणाले. "थोडं थांबा, पेट्रोल सुकू द्या. मग पॅडल एकदाच तळापर्यंत दाबून सोडा म्हणजे चोक बसेल, आणि पाय काढून किल्ली फिरवा." दहा मिनिटांनी फोन परत आला, तो त्यांनी बॉनेटजवळच धरला होता. इंजिन चालू झालं होतं, पण उंच आवाजात पळत होतं. "असंच दोन मिनिटं चालू द्या," मी म्हणालो, "आता पॅडलला एकदा हलकेच टिचकी मारा."

त्यांनी मारली, आणि आवाज खाली बसला.